न शमणारी भूक: प्रेडर-विली विकाराच्या मुलांचे संगोपन

सिंधुदुर्गातल्या धामापुरासारख्या गावात मूल अंगाने भरले की घर सुखावते. दहा वाजताच्या पेजेला आणखी एक वाटी मागणारे, फणस फोडला की गऱ्यांच्या ताटापासून न हलणारे आणि शेजारच्या ओटीवर हातात पडलेला लाडू जागीच संपवणारे पोर सर्वांच्या कौतुकाचा विषय होते. आणि तेच पोर आठदहा वर्षांचे होऊन रात्री फडताळातला गूळ काढू लागले, शाळेतल्या सोबत्याचा डबा फस्त करू लागले, प्रसंगी गुरांच्या पेंडीलाही हात लावू लागले, म्हणजे त्याला हावरट आणि त्याच्या आईला बेशिस्त ठरवण्यास तीच माणसे क्षणाचाही विलंब लावीत नाहीत. लठ्ठपणाची कारणे बहुतेक मुलांच्या बाबतीत आहारात आणि बैठ्या दिनक्रमात सापडतात, हे खरे. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत ती जन्मापूर्वीच, गुणसूत्रांच्या घडणीत, ठरून गेलेली असतात, आणि त्यांच्या भुकेपुढे उपदेश, धाक आणि शिक्षा ही तिन्ही साधने सारखीच निरुपयोगी ठरतात. अशा विकारांपैकी विशेष परिचित असलेला, प्रेडर-विली ह्या नावाने ओळखला जाणारा विकार ज्यांच्या घरी आहे, किंवा असावा अशी शंका आहे, त्यांच्यासाठी, आणि तितकाच त्यांच्या शेजाऱ्यांसाठी, अंगणवाडीच्या ताईंसाठी व शाळेच्या गुरुजींसाठी हा मजकूर आहे.

झुरिक येथील आंद्रेआ प्राडर, अलेक्सिस लाबहार्ट आणि हाइनरिश विली ह्या तीन डॉक्टरांनी १९५६ साली ह्या विकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलास तो होतो, आणि जात, धर्म, देश अथवा आईबापांची सांपत्तिक स्थिती ह्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्या पेशींत पंधराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून; आणि ह्या गुणसूत्रावरील एका लहानशा पट्ट्यातील काही जनुके अशी आहेत की, ती केवळ वडिलांकडून आलेल्या प्रतीवरच कार्यरत असतात, आईच्या प्रतीवर ती मुकी राहतात. वडिलांच्या प्रतीतील तेवढाच पट्टा गळून पडला, अथवा दोन्ही प्रती चुकून आईकडूनच आल्या, तर त्या जनुकांचे काम करणारे कोणी उरत नाही. सुमारे दोनतृतीयांश मुलांत पहिला प्रकार आढळतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांत दुसरा, आणि फारच थोड्यांत पट्टा जागेवर असूनही त्यावरील जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या खुणेत बिघाड झालेला असतो. पहिले दोन प्रकार सामान्यतः निव्वळ योगायोगाने घडतात. ते वडिलांचे न्यून नव्हे, आणि गरोदरपणी आईने ग्रहण पाळले नाही म्हणून घडणारी ही गोष्ट तर मुळीच नव्हे. हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेच्या देखत एकदा मोठ्याने उच्चारले, तर त्या घरातील पुढील पुष्कळसा क्लेश टळेल, असे माझे मत आहे.

ह्या विकाराची खरी अडचण अशी की, पुढे ज्याच्यासाठी अन्नाला कुलूप घालावे लागते, ते मूल जन्मतः दूधही ओढू शकत नाही. गर्भात असताना त्याची हालचाल मंद असते. जन्मल्यावर ते क्षीण रडते, बहुतेक वेळ झोपून असते, आणि काखेखाली हात घालून त्याला उचलावे तर खांद्यांना ताठरपणा नसल्यामुळे ते हातांतून निसटून खाली घसरते की काय असे वाटते. डोळे बदामी आकाराचे, कपाळ कानशिलांपाशी अरुंद, वरचा ओठ पातळ, पुढे हातपाय वयाच्या मानाने लहान, आणि मुलगा असल्यास वृषण पोटातच राहिलेले, ही लक्षणे सोबत असू शकतात. असे बाळ दिसले की आपल्याकडे त्याला 'नाजूक' म्हणून सोडून दिले जाते, कोणी बाळघुटी सुचवतो, कोणी देवीपुढे गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे अवश्य घालावे. परंतु त्यासाठी तपासणी एक आठवडाही पुढे ढकलू नये. जन्मतः निपचित असणाऱ्या आणि दूध न ओढणाऱ्या बाळाच्या शिथिलतेला दुसरे स्पष्ट कारण सापडले नाही, तर त्याच्या रक्ताची 'डीएनए मिथिलेशन' नावाची चाचणी मागून घ्यावी, कारण ह्या एका चाचणीने शंभरातील नव्याण्णवांहून अधिक रोगी ओळखता येतात; नुसत्या गुणसूत्रांच्या साध्या चाचणीचा निकाल निर्दोष आला, एवढ्यावरून निश्चिंत होणे मात्र घातक आहे. निदान ठरल्यावर बिघाड कोणत्या प्रकारचा हेही विचारून घ्यावे, कारण पहिल्या दोन प्रकारांत पुढच्या अपत्याला धोका शेकडा एकाहूनही कमी असतो, तर खुणेच्या बिघाडाच्या काही विरळ उदाहरणांत तो निम्म्यापर्यंत जातो, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या दांपत्याला हा फरक कळणे आवश्यक आहे.

धामापुराहून ही वाट कशी काढावी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करते. त्यांच्यापुढे मूल रुजू करून ओरोस येथील जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. सिंधुदुर्गातील पुष्कळ कुटुंबे गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातात, तेही योग्यच. परंतु दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने जी विशेष केंद्रे नेमली आहेत, त्यांपैकी मुंबईत परळचे केईएम रुग्णालय हे एक आहे, आणि कुडाळला गाडीत बसून ज्यांची निम्मी वाडी परळ-लालबागेत नांदली, त्यांना ती वाट अनोळखी नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात प्रेडर-विली विकारासाठी वृद्धिसंप्रेरकाच्या उपचाराचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि नेमलेल्या केंद्रात उपचार घेणाऱ्या रोग्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. तिथे नाव नोंदवताना बाळाच्या जन्माची कागदपत्रे, वजन-उंचीची अंगणवाडीतील नोंद आणि आजवरच्या सर्व चाचण्या एका दप्तरात तारखेवार लावून न्याव्यात.

आता भुकेकडे वळू. पोटात अन्न नसले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते व मेंदूला भुकेची वर्दी देते. शरीरातील चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक निर्माण करून साठा पुरेसा असल्याचे कळवते. आतडी व स्वादुपिंड जेवणानंतर आपापले निरोप धाडतात. आणि मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग ह्या सर्व अर्जांचा निवाडा करून 'खा' किंवा 'पुरे' असा हुकूम सोडतो. लेप्टिनचा शोध १९९४ साली जेफ्री फ्रीडमन ह्यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि जन्मतः लेप्टिनच नसलेली अतिस्थूल मुले त्यानंतर तीन वर्षांत सापडून पुढे त्या संप्रेरकाच्या सुयांनी आश्चर्यकारकपणे सुधारली, तेव्हा सर्वच लठ्ठपणावर उतारा मिळाला अशी आशा निर्माण झाली होती. प्रेडर-विलीच्या मुलांत मात्र लेप्टिन मुबलक असते. त्यांच्या चरबीच्या प्रमाणात जितके असावे तितकेच. त्यांच्या रक्तात घ्रेलिन बरेच वाढलेले आढळते, परंतु ते तान्हेपणी, भूक मुळीच नसतानाही वाढलेले असते, म्हणून सारा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. नेदरलंड्समधील संशोधकांनी १९९५ साली अशा रोग्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन निर्माण करणाऱ्या पेशी पुष्कळच कमी असल्याचे दाखवले, आणि तृप्तीचा निवाडा करणारे ठिकाणच अधू असावे ह्या मताला त्याने बळकटी आली. पालकांनी ह्यातून एवढेच मनात ठेवावे की, आपले मूल जेवून उठल्यावर 'भूक लागली' म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नाही. निरोप पोहोचतात, परंतु त्यांवर 'पुरे' हा शेरा मारणारा अधिकारीच जागेवर नाही.

दुसरी गोष्ट भुकेइतकीच महत्त्वाची असून तिच्याकडे लक्ष कमी जाते. ह्या मुलांच्या शरीरात स्नायू कमी व चरबी अधिक असते, आणि विश्रांतीच्या वेळी शरीराची शक्ती मुख्यतः स्नायूंसारख्या जिवंत ऊतींत खर्च होत असल्यामुळे त्यांचा खर्चच मुळी अल्प असतो. समवयस्क मुलाला जेवढे अन्न लागते त्याच्या साठ ते ऐंशी टक्क्यांवर त्यांचे भागते. म्हणूनच साधारणतः दोन वर्षांच्या सुमारास, मूल घरातील इतरांएवढेच किंवा कमीच खात असताना, त्याचे वजन चढू लागते. खाण्याची ओढ चार-साडेचार वर्षांपुढे दिसू लागते. आणि न शमणारी भूक अनेकदा आठव्या वर्षाच्या आसपास प्रकट होते. पहिली दोन वर्षे नळीने, चमच्याने, जागवून जागवून ज्याला दूध पाजले, ते बाळ अखेरीस धरू लागले, ह्याच आनंदात घर असते, आणि नेमक्या त्याच वेळी हात आवरायचा असतो. भूक येण्याची वाट पाहू नये. वजनाचा आलेख उंचीच्या आलेखाला मागे टाकू लागला की त्याच महिन्यापासून पुढील बंदोबस्त अमलात आणावा, कारण ज्या मुलाला कुलूप, वेळापत्रक आणि मोजलेली वाटी ही भुकेच्या आधीपासून ठाऊक असतात, त्याला ती नंतर जाचक वाटत नाहीत.

परिमाणाचा एक ढोबळ ठोकताळा वैद्यकात रूढ आहे: वजन स्थिर राखायचे तर उंचीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे दिवसाला दहा ते अकरा कॅलरी. म्हणजे १२० सेंटीमीटर उंचीच्या मुलास दिवसभरात बाराशे ते तेराशे कॅलरी पुरतात. वजन उतरवायचे तर ह्याहूनही कमी करावे लागते, परंतु ते आहारतज्ज्ञाच्या देखरेखीवाचून करू नये, कारण वाढत्या वयातील मुलाची प्रथिने, चुना, लोह व जीवनसत्त्वे कमी पडली तर हाडे आधीच नाजूक असलेल्या ह्या मुलांची दुहेरी हानी होते. तान्ह्या बाळाला तर हा नियम लागूच नाही. त्याचे दूध व त्यातील स्निग्धांश तोडणे हा अपराध होईल.

मालवणी स्वयंपाकघर ह्या कामी अडचणीचे आहे तसे सोयीचेही आहे. अडचण नारळाची: वाटपातील ओले खोबरे, आमटीतील रस, सोलकढीतील दूध, घावन्यासोबतचा नारळाचा रस, आणि सणावारी शेवयांचा गोड रस, असे दिवसभरात नकळत किती खोबरे पोटात जाते ह्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सोय अशी की, तिरफळे घातलेले पातळ कालवण, कोकमाचे खोबऱ्याविना केलेले तिवळ, उकडलेले किंवा थोड्या तेलात परतलेले मासे, लाल माठ, पडवळ, दोडकी, शेवग्याच्या शेंगा आणि कुळथाचे पिठले ही सर्व इथलीच आहेत, आणि ताट भरलेले दिसावे पण अंगी कमी लागावे, ही ह्या आहाराची गरज त्यांनी उत्तम भागते. उकड्या तांदळाची पेज द्यावी, परंतु शिते मोजून, एका ठरलेल्या वाटीने, आणि वर लोणच्याचे तेल न घालता. ती वाटी सदैव तीच असावी. वाटी बदलली की मुलाच्या मनात संशय आणि घासाघीस सुरू होते. वाढून झाल्यावर टोप त्याच्या नजरेसमोर ठेवू नये. तेच बंधन घरच्या सर्वांनी जेवताना पाळावे, एवढी अपेक्षा मी करतो. भावंडांना गरे खायचे असतील तर ते त्यांनी ह्या मुलाच्या दृष्टीआड, हे मूल शाळेत गेलेल्या वेळी किंवा दुसऱ्या घरी खावे, कारण त्यांचे बालपण हिरावून घेणेही न्याय्य नव्हे.

कुलपाविषयी पालकांच्या मनात मोठी खंत असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. फडताळ, शीतकपाट, कणगी आणि शक्य असेल तर स्वयंपाकघराचे दारच कुलूपबंद ठेवणे ह्याला कोणी निर्दयपणा म्हणेल, आणि पहिल्या दिवशी आईलाही तसेच वाटेल. परंतु अन्न मिळण्याची शक्यता जोवर उघडी आहे तोवर ह्या मुलाचे मन दुसरीकडे लागत नाही. दार किलकिले असेल तर ते तासन् तास त्या दाराभोवती घुटमळते, आणि अभ्यास, खेळ, झोप सर्व त्यात जाते. उलट, पुढचे जेवण कधी आणि काय ह्याची पक्की खात्री, अधेमधे काही मिळण्याची आशा पूर्णतः बंद, आणि दिलेला शब्द कधीही न मोडणे, ह्या तीन गोष्टी जुळल्या की तेच मूल शांत होते. दिवसाचा तक्ता भिंतीवर लावावा: सकाळी सातला काय, दहाला पेज, दुपारी एक वाजता जेवण, चारला काय, रात्री आठला काय. मूल वाचू शकत नसेल तर चित्रे काढावी. पाहुणे आले, लाईट गेली, मासे मिळाले नाहीत म्हणून वेळ पुढे ढकलू नये. अन्न हे बक्षीस म्हणून देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये. किल्ली आईच्याच कमरेला हवी असे नाही. बापानेही ती सांभाळावी, नाहीतर 'नाही' म्हणण्याचे सारे ओझे एका माणसावर पडते.

घराला कुलूप घालता येते, गावाला येत नाही. मे महिन्यात झाडाखाली आंबे पडलेले असतात, बोंडू आणि काजू बागेत विखुरलेले असतात, मांगरात फणस पिकत घातलेले असतात. आणि कच्च्या काजूच्या टरफलातील तेलाने तोंड भाजले तरी वेदनेची जाणीव मंद असलेले हे मूल थांबेलच असे नाही. देवीच्या देवळात प्रसाद, जत्रेत खाजे, गणपतीत घरोघरी भजनानंतरची उसळ व मोदक, आणि चाकरमानी आले की त्यांच्या पिशवीतील पेढे. म्हणून वाडीतील प्रत्येक घरी आईबापांनी स्वतः जाऊन, मुलाला सोबत न नेता, ही हकिगत एकदा नीट सांगावी: ह्याला काहीही देऊ नका, अर्धा लाडूसुद्धा नको, आणि त्याने काही उचललेले दिसले तर त्याला न ओरडता आम्हाला कळवा. प्रसादाच्या जागी फूल व अंगारा द्यावा, असे पुजाऱ्यांना विनवावे. चाकरमान्यांना निघण्यापूर्वीच फोनवर सांगावे की, ह्याच्यासाठी खाऊ आणायचा तर चित्रांचे ठोकळे आणा. जिगसॉ जुळवण्यात ह्या मुलांपैकी अनेकांचे कसब विलक्षण असते.

शाळेतही हेच. पोषण आहाराचे माप घरून लिहून द्यावे, मधल्या सुटीत कोणाची तरी नजर असावी, इतरांचे डबे वर्गाबाहेर बंद कपाटात ठेवावे. डबा खाल्ला म्हणून सर्वांसमोर त्याला चोर म्हणणे हे अज्ञानाचे नसले तर क्रौर्याचे लक्षण आहे. बुद्धी बहुधा काहीशी मंद, हट्ट प्रबळ, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारण्याची आणि अंगावरची खपली काढत राहण्याची सवय, ठरलेल्यात बदल झाला की संतापाचा उद्रेक, हे सर्व विकाराचेच अंग आहे, आणि शिक्षक-पालक एकच भाषा बोलले तर ते पुष्कळ आटोक्यात राहते. रोज चालणे हवेच. विजयनगरच्या अमदानीत १५३० साली बांधलेल्या धामापूरच्या तलावाच्या काठची सावलीची वाट त्यासाठी फार चांगली. मात्र स्नायू दुर्बळ असलेल्या मुलाला पाण्याजवळ एकटे सोडू नये.

औषधांपैकी वृद्धिसंप्रेरकाची रोजची सुई हा सर्वांत प्रस्थापित उपचार होय. तिने भूक कमी होत नाही. परंतु स्नायू वाढतात, उंची सुधारते, चरबीचे प्रमाण घटते, आणि ती पहिल्या-दुसऱ्या वर्षात सुरू झाली तर चालण्या-बोलण्याच्या प्रगतीलाही हातभार लागतो. ती सुरू करण्यापूर्वी झोपेतील श्वासाची तपासणी, टॉन्सिल व नाकामागील ग्रंथींची पाहणी करून घ्यावी आणि काही महिन्यांनी ती पुन्हा करावी. अतिशय स्थूल व श्वास अडणाऱ्या मुलांत ह्या सुईने धोका संभवतो. थायरॉइड, आजारपणाच्या ताणात लागणारे कॉर्टिसॉल, वयात येताना लागणारी लैंगिक संप्रेरके, रक्तातील साखर आणि पाठीचा कणा ह्यांची वेळोवेळी तपासणी हवी. भुकेवर थेट उपाय म्हणून डायझॉक्साइड कोलीन हे औषध मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत चार वर्षांपुढील रोग्यांसाठी मान्य झाले. त्याने साखर वाढू शकते व हातापायांवर सूज येऊ शकते, तेव्हा ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घेण्याचे आहे, आणि ते मिळाले तरी कुलूप काढता येत नाही. सेटमेलॅनोटाइड हे औषध लठ्ठपणाच्या दुसऱ्या काही जनुकीय विकारांसाठी मान्य आहे, ह्यासाठी नव्हे. म्हणून नेमके निदान न करता नावे ऐकून औषधे मागवू नयेत. वजन उतरवणारी पावडर आणि चूर्णे सरळ नाकारावी. जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचाही ह्या विकारात टिकाऊ लाभ होत नाही, आणि तिचे धोके मात्र अधिक.

एक गोष्ट तातडीची. ह्या मुलांना उलटी क्वचितच होते, वेदना कमी जाणवते, आणि गंभीर संसर्गातही ताप चढेलच असे नाही. सणाच्या किंवा लग्नाच्या जेवणानंतर पोट फुगले, मूल सुस्त झाले, पोट दुखते म्हणाले किंवा उलटी झाली, तर जठर ताणून फुटण्याचा प्रसंग असू शकतो, म्हणून अजीर्ण समजून ओवा देत बसू नये. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे व विकाराचे नाव प्रथम सांगावे. घाईघाईने बकाबका गिळल्याने घास घशात अडकून मृत्यू ओढवतात, तेव्हा जेवताना शेजारी बसणे हे कर्तव्यच आहे. भूल द्यायची वेळ आली तर उपाशी असल्याच्या मुलाच्या बोलण्यावर विसंबू नये. हा सारा तपशील एका जाड कागदावर मराठीत लिहून मुलाच्या दप्तरात आणि खिशात ठेवावा.

मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हाही त्याची भूक त्याच्या हाती नसेल, आणि किल्ली कोणाच्या हाती असावी हा प्रश्न तोपर्यंत कायद्याचा झालेला असेल. बौद्धिक अपंगत्व ठरत असल्यास त्याचा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र लवकर काढावे. त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो. अठरा पूर्ण झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि त्यात आईबापांच्या पश्चात जबाबदारी घेणाऱ्या नातलगाचाही विचार आधी करून ठेवावा. तो नातलग मुंबईत असेल तर वर्षातून एकदा पंधरा दिवस त्याने धामापुरी येऊन राहावे आणि तेवढे दिवस स्वयंपाकघराची किल्ली, मोजण्याची वाटी व भिंतीवरचा तक्ता आईबापांनी त्याच्याच स्वाधीन करावा.